लक्ष्मीवैनींचा वॉकी-टॉकी

सुदामा नगरातले आमचे शेजारी जयसिंगरावजी बँकेतून रिटायर झाले आणि दर रविवारी कॉलनीतल्या मंडळींना चोरलच्या डोंगरात फिरवू लागले. तिथे मोबाईलला रेंज नाही. त्यांच्या बायकोचे, म्हणजे लक्ष्मीवैनींचे, गुडघे दुखतात, त्या मागे राहतात. एकदा तर बराच वेळ सापडल्याच नाहीत. मग मंडळींनी ठरवलं, वैनींनी आता घरीच बसावं.

"ती नाही तर मीही नाही," म्हणत हे गृहस्थ वॉकी-टॉकी घ्यायला निघाले.

बाई गं, काय ती खरेदी! पलासियातल्या दुकानातला भारी सेट लायसन लागतं म्हणून बाद. दुसऱ्याचं बटण इवलंसं, वैनींचा अंगठा बसेना, तोही बाद. तिसरा दुकानदार म्हणाला, "भिया, पाच किलोमीटर चलेगा!" जयसिंगरावजींनी एक सेट देऊन त्यालाच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे जुन्या राजेलोकांच्या समाध्यांपाशी, उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या सेटवर बोलत बोलत बाजारात शिरले. दोन गल्ल्यांत आवाज गायब. शेवटी जाड बटणाचा, बिनलायसनचा, खिशाला झेपणारा साधा सेट पसंत पडला. तसे चार घेतले.

रविवारी वैनी मागे, हातात सेट. पहिल्याच चढावर आवाज आला, "अहो, जरा थांबा ना!"

झालं! सेटवाले तिन्ही नवरे गर्रकन वळले. माझा गजानन तर "आलो गं!" म्हणत खाली धावत सुटला, मी शेजारी उभी असताना! हसून हसून माझं पोट दुखलं.

तिसरे सेटवाले म्हणजे कॉलनीतले अप्पासाहेब, त्यांना मात्र हसू आलं नाही. सेटवर म्हणाले, "वैनी, नाव घेऊन बोलवा. कोण कोणाला बोलावतंय ते कळायला नको? जमत नसेल तर पुढच्या वेळी राहू द्या."

जयसिंगरावजींचा चेहरा पडला. वैनींनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय जन्मात घेतलेलं नाही. मला अस्सा राग आला अप्पासाहेबांचा!

सेट खरखरला. वैनी धापा टाकत म्हणाल्या,

"चढ चढता चढता लागला मला दम,
जयसिंगरावांना सांगते, स्पीड करा कम!"

सगळा डोंगर टाळ्यांनी दणाणला. अप्पासाहेबसुद्धा "वा, क्या बात है!" म्हणाले.

जयसिंगरावजींनी बटण दाबलं. "ऐकू नाही आलं. परत म्हण."

खोटारडे! मी शेजारीच होते, डोळे पुसत होते ते.

"पुढच्या रविवारी म्हणते," वैनी म्हणाल्या.