तू गप रे

मी घाटावरचा. बोईसरच्या कारखान्यात जन्म गेला, निवृत्त झालो तरी इथेच राहिलो. बायको गेली, मुलगी तिच्या संसारात. तिसऱ्या मजल्यावर मी आणि टीव्ही.

तळमजल्यावरचा शेजारी चिंचणीचा, समुद्रकाठचा. पहिल्याच भेटीत त्याने मला 'तू' म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मग कळलं, त्यांच्यात लहान-थोर सगळ्यांना तूच. त्यात अपमान नाही, उलट माया. पुढे मला त्याचीच सवय लागली. आई गेल्यापासून मला 'तू' म्हणणारा तो एकटाच उरला होता. रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर आम्ही कडाकडा भांडायचो. मासे, राजकारण, काहीही चालायचं. "तू गप रे, तुला काय कळत नाय," म्हणत तो माझ्या मांडीवर थाप मारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

मग बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. मी लिहिलं, "मोटर बंद करायला कुणाला काय धाड भरलीय?" त्या दिवशी पाळी त्याची होती, हे मला कुठे ठाऊक! त्याचं उत्तर आलं, "तू गप रे. तुला काय कळत नाय."

तेच शब्द हो! पण थाप नाही, हसू नाही, आणि अख्खी बिल्डिंग वाचतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठोकून दिलं, "तोंड सांभाळा. अरे-तुरे करायला मी तुमच्या घरचा गडी नाही."

त्याने एवढंच लिहिलं, "खाली ये."

"बघा, दमदाटी करतोय!" मी तेही ग्रुपवर टाकलं. कुणीतरी लगेच अंगठा दिला. त्यांच्या बापाचं काय जातंय? बाकावर असतो तर 'गडी' हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नसता. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की जीभ आपोआप अडखळते. फोनला कुठे चेहरा असतो?

सकाळी दूध आणायला उतरलो. त्याची बायको दारातच होती. "काल खाली बोलावला, चहा ठेवला होता. गार झाला," ती म्हणाली आणि आत गेली.

तो बाकावर बसला होता. उठला, माझ्यासाठी जागा हाताने झाडली. "बसा," म्हणाला. "चहा झाला काय तुमचा?"

हो म्हणालो, खोटंच, आणि वर आलो.

आता आम्ही रोज बसतो, पण भांडण होत नाही. परवा मी मुद्दाम खोड काढली, "तुमच्या पापलेटला काही चव नाही बुवा." पूर्वी त्याने मला बाकावरून ढकललं असतं.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला.