डोळ्यांची साथ आणि माझं दूध

दुष्काळाच्या आदल्या साली केदारखेड्यात डोळ्यांची साथ आली. घरटी दोघं-तिघं हळदीत बुडवलेलं पिवळं फडकं डोळ्याला लावून बसलेले. कुणी कोथिंबिरीचं पाणी घालायचं, कुणी शेवग्याच्या पाल्याचा रस, आणि तो घातला की बोंबलत अंगणभर पळायचं. मंग कुणीतरी पिल्लू सोडलं की पहिलटकरणीचं दूध घातलं की एका दिवसात उतार पडतो. गावात त्या वक्ताला पहिलटकरीण एकच, मी. पोरगी तीन महिन्यांची, आणि दूध म्हणाल तर पदर भिजायचा.

झालं! एरवी आमच्या बौद्धवाड्याकडं न बघता जाणारे लोक वाट्या घेऊन दारात उभे. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं, दूध मात्र चाललं. सासूबाई म्हणायच्या, "कशाला वाटून राह्यली? लेकराच्या तोंडचं हाय ते." मी देतच गेले. खरं सांगू? दया कमी, ऐट जास्त. बघा म्हणावं, कुणाच्या दारात आलात!

त्यात किराणा दुकानवाल्या मारवाड्यांची माँजी. दुकानावर पाणी मागितलं तर ती लोटा हातभर उंच धरून आमच्या ओंजळीत ओतायची. आता रोज सकाळी चांदीची वाटी आमच्या ओट्यावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. मी वाटीत दूध पिळून बाजूला झाले की मंगच पुढं येऊन उचलायची.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे चिपडांनी पार चिकटले होते. वाटी कुठंय तेच दिसंना, नुसती चाचपडत होती बिचारी. मला राहवलं न्हाई. तिची हनुवटी धरली, बोटांनी पापण्या उघडल्या आणि थेंब सोडले. वाटलं, आता झिडकारती. पण तिनं तोंड आणखी वर केलं. "कर बेटा," म्हणाली. तेवढ्यात आत पोरगी रडली. मी तशीच गेले, हात पदराला पुसले आणि तिला छातीशी घेतलं.

दोन दिवसांनी पोरीचे डोळे उघडंनात. पापण्या टम्म सुजलेल्या. गावाला वाटलेलं दूध तिच्याही डोळ्यात घातलं, काही उपेग झाला न्हाई. भोकरदनला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर खवळले, "दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेला हात न धुता लेकराला लावला? दूध-बीध बंद. हे मलम लावा, पाणी उकळून गार करून पुसा. नजरेचं काय ते डोळे उघडल्यावरच कळेल." मी वाटभर रडले. ऐट माझी, भोगलं पोरीनं.

माँजीच्या कानावर गेलं. ती ओट्यावर थांबली न्हाई, सरळ आत आली आणि जमिनीवर बसली. "मेरे से हुआ," म्हणाली. तिचे डोळे आता बरे झाले होते, तरी साबणानं हात खसाखसा धुतले आणि पोरीला मांडीवर घेतलं. चार दिवस येत होती. मी पाणी उकळायचे, ती कापसानं पुसायची.

पाचव्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. माँजीनं बांगडी काढून तिच्यापुढं हलवली. पोरीची नजर बांगडीमागं फिरली, इकडून तिकडं, बराबर. मी हंबरडाच फोडला.

रडणं ओसरल्यावर माँजी म्हणाली, "बेटा, पाणी दे."

मी लोटा भरून घेतला. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं, हातभर उंचावरून ओतावं आणि म्हणावं, धर ओंजळ. पण तिच्या दोन्ही हातांत माझी पोरगी होती. मी पेला भरला आणि तिच्यापुढं धरला. तिनं एका हातानं घेतला आणि तोंडाला लावून संपवला.

सासूबाई चुलीपाशी बसून हे सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "आजून दे तिला. तहानलीय."