कानतुटका कप आणि सव्हानाचे महाराज

बोटीच्या तळात पाणी कसं साठतं ते कुणाला कळत नाही. भोक दिसत नाही, कुणी ओतत नाही, पण चार दिवसांनी बघावं तर घोटाभर पाणी! किस्स्यांचंही तसंच आहे बघा. मी अमेरिकेच्या सफरी केल्या त्या मसाला वाटायला आणि भात शिजवायला. परत आलो की मुरूडात जो तो विचारतो, "गजा, काय आणलंस?" आणलेला साबण संपतो, मोजे फाटतात, किस्से तेवढे उरतात. त्यांना जकातही नाही!

आमची चौकडी आधी सांगतो. मी गजा, जातीनं भंडारी, आणि बोटीवर स्वयंपाक्यालाही भंडारीच म्हणतात. दाऊदचाचा मुरूडचे, खलाशांचे सारंग, म्हणजे मुकादम. माणूस बोलतो कमी, पण बोलला की टोचतो. जोशीबुवा तळे गावचे, बोटीवर कारकून. आणि धर्मा, रेवसजवळच्या महारवाड्यातला, बोटीवर आगवाला. भट्टीत कोळसा मारून मारून छाती ही एवढी!

बोटीवर आम्ही चौघं एकाच पत्र्याच्या मगातून चहा प्यायचो. बाकीचे मग एका वादळात गेले होते, करता काय? पण गावी जाताना रेवसला उतरलं की धक्क्याजवळच्या नारूशेटच्या हॉटेलात आम्ही तिघं बाकड्यावर, आणि धर्मा पायरीखाली. त्याचा कप वेगळा. कान तुटलेला, बाहेर कुडाच्या खुंटीला टांगलेला. आपणच घ्यायचा, आपणच विसळायचा, आपणच टांगायचा. चहा वरून ओतायचे.

धर्मा दर सफरीला म्हणायचा, "गजाभाऊ, धा मुलखांची बंदरं बघली. आता एकच बघायचं हाय. नारूशेटच्या बाकड्यावर बसायचं, आन् कान असलेल्या कपातना चहा प्यायचा. मग डोले मिटले तरी चालंल."

* * *

आता मला एक कोडं होतं. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आम्ही चौघं एकाच ट्रंकेवर बसलेले असायचो. मग रेवस येईपर्यंत जात परत चढते कुठे?

मी पाळत ठेवली. लाँच रेवसच्या अलीकडं करंजाच्या टोकाशी आली की जोशीबुवा ट्रंक उघडायचे. बोटीवर जानवं ट्रंकेत असायचं, "घामानं कुजतं रे" म्हणायचे. ते काढून गळ्यात घालायचे आणि धर्मापासून हातभर सरकून बसायचे. करंजाचं टोक म्हणजे त्यांची सरहद्द!

एकदा काय झालं, ओहोटी लागली आणि लाँच गाळात रुतली. नेमकी टोकाशी! नाक पलीकडं, शेपूट अलीकडं. जोशीबुवा जानवं हातात धरून बसलेले. घालू की ठेवू? तासभर असेच.

शेवटी धर्माच कंटाळला. म्हणाला, "बुवा, काय ते ठरवा बिगीबिगी. अर्धी लाँच बाटली!"

* * *

अमेरिकेच्या दक्षिणेला सव्हाना म्हणून बंदर आहे. हवा थेट आपल्यासारखी, चिकट. तिथल्या ट्रामगाडीत पुढची बाकं गोऱ्यांची, मागची काळ्यांची. तसे बोर्डच लावलेले! आम्ही चढलो तर कंडक्टर आम्हाला बघून डोकं खाजवायला लागला.

दाऊदचाचांनी अदबीनं विचारलं, "साहेब, आम्ही ना गोरे, ना काळे. टपावर बसू काय?"

धर्मा बोर्डाकडं टक लावून बघत होता. त्यावर काय लिहिलंय ते मी सांगितलं. तर म्हणतो कसा, "बरं हाय की. हितं बोर्ड तरी लावत्यात. आपल्याकडं बोर्ड न्हाय, तरी अडान्याला पन वाचता येतो."

तेवढ्यात जोशीबुवा तडक पुढच्या बाकावर जाऊन बसले. कंडक्टरला इंग्रजीत ऐकवलं, "मी आर्य आहे. तुमचे आमचे पूर्वज एक!" पूर्वजांचं नाव काढल्यावर तर तो जास्तच पेटला. कॉलर धरली आणि दिला मागे ढकलून. मागे सगळं भरलेलं. जागा एकच, मागं जाऊन बसलेल्या धर्माच्या शेजारी. बुवा दांडी धरून उभे राहिले. गाडीनं असा हिसका दिला, की बसले ते थेट धर्माच्या मांडीवर!

धर्मानं त्यांना सावरून बाजूला बसवलं आणि म्हणाला, "बसा बुवा, निवांत बसा. ह्या वाटंला करंजाचं टोक लागत न्हाय."

* * *

त्याच बंदरात बोटीच्या चादरी धुवायला दोन बायका यायच्या. एक गोरी, धंद्याची मालकीण. दुसरी काळी, खरी धुणारी. एके दिवशी मालकीण छातीला फीत लावून आली. म्हणाली, "आम्हा बायकांना मताचा हक्क मिळालाय! आता अध्यक्ष आम्ही निवडणार!"

दाऊदचाचांनी दुसरीला विचारलं, "मग तूपण निवडणार?"

ती चादर पिळत म्हणाली, "हक्क मलापण आहे. मी नाव लावायला गेले. तिथला बाबू म्हणाला, हे कायद्याचं पान वाच आणि अर्थ सांग. मी वाचलं, अर्थ सांगितला. तर म्हणाला, अर्थ बरोबर आहे, पण तू चुकीची आहेस!" आणि अशी खळखळून हसली, की मालकीण चादरी मोजायला लागली.

चाचांनी पिळायला चादरीचं दुसरं टोक धरलं. ते म्हणाले, "आमच्या घरी उलटं आहे, बाई. मत एकटीला, ते बिबीला. उमेदवार एकटा, तो मी. तरी दर वेळी मीच पडतो!"

* * *

तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. मी भंडारी, माडी काढणं आमचा बापजाद्यांचा धंदा. मला तो देश सुतकी वाटायचा. एकदा न्यूयॉर्कच्या एका बड्या साहेबानं कप्तानाकडून मला मागून घेतलं. घरी मेजवानी, त्याला हिंदुस्थानी रस्सा पाहिजे. धर्माला मी भांडी उचलायला बरोबर नेला.

साहेब उभा राहून भाषण करत होता. दारूनं मजूर कसा बिघडतो, संसार कसे बुडतात, कायदा किती चांगला. पन्नास माणसं हातात चहाचे कप घेऊन माना डोलावत होती. मी रश्श्याची वाढणी करत जवळ गेलो आणि माझं नाक उभं राहिलं. भंडाऱ्याचं नाक आहे ते! कपाकपात व्हिस्की!

मी तिथल्या बटलरला डोळ्यानं विचारलं. तो तोंड न हलवता म्हणाला, "चहा आहे. मोठ्या माणसांचा."

परत येताना गोदीच्या दारात पोलीस एका हमालाला फरफटत नेत होते. खिशात पावशेराची बाटली सापडली म्हणून. धर्मा ते बघत थांबला.

"म्हंजे गजाभाऊ," तो म्हणाला, "सगला खेल कपाचा हाय. आत काय हाय ते कोन बघतो?"

* * *

मग मंदी आली. साहेब लोकांना फुकटच्या सूपसाठी रांगेत उभं राहिलेलं ह्या डोळ्यांनी बघितलं. कोट, टाय, आणि बुटाला भोक! रांगेत एक गोरा कुरकुरत होता, की पुढे काळा उभा आहे, आमची रांग वेगळी लावा. पोटात कावळे, पण मान ताठ!

जोशीबुवा कुतूहलानं जवळ गेले, आणि मागच्या गर्दीनं त्यांना रांगेतच ढकललं. सरकत सरकत पोचले मोठ्या पातेल्यापाशी. वाढणाऱ्या बाईनं वाडगा हातात कोंबला. बुवा घामाघूम! भीत भीत विचारलं, "बाई, यात गाईचं मांस तर नाही ना?"

बाई म्हणाली, "नशीब असेल तर सापडेल एखादा तुकडा!"

* * *

आता महाराजांचं सांगतो. परत सव्हाना. ऊन असं की टाळू तापली. मोठ्या रस्त्यावर कॉफीचं झकपक दुकान, पण दारावर पाटी, फक्त गोऱ्यांसाठी. गोदीतला एक काळा हमाल आम्हाला म्हणाला, "डोक्याला काहीतरी गुंडाळा. फेटा दिसला की हे लोक आधी राजा समजतात, मग रंग बघतात. माझा एक भाऊ असाच जेवून आला, वर सलामही घेऊन आला!"

चाचांनी चाचीसाठी लाल रेशमी कापड घेतलं होतं. पण राजा कोण? जोशीबुवा म्हणाले, "मीच शोभेन." चाचा म्हणाले, "बुवा, तुमच्या तोंडावर महिनाअखेर दिसते." धर्मा उंच, छातीचा, मिशीचा. बांधला फेटा त्याला!

दुकानदार कमरेत वाकला. महाराजांना खिडकीजवळचं टेबल. मी आणि चाचा प्रधान म्हणून खपलो. जोशीबुवा मागून आले, बोडके आणि घामेजलेले. त्यांना दारातच अडवलं. "हा कोण?"

बुवांनी आमच्याकडं बघितलं. धर्मानं मानसुद्धा वळवली नाही. एक बोट उचललं आणि म्हणाला, "हा माजा नोकर हाय. येऊ द्या त्याला आत." चाचांनी इंग्रजी केलं.

बुवा आत आले. पण नोकर टेबलावर कसा बसणार? राहिले महाराजांच्या खुर्चीमागे उभे. कॉफी आली, साखरेचं भांडं आलं. दुकानदार कौतुकानं बघतोय. धर्मा रेलून बसला आणि म्हणाला, "दोन चमचे. आन् नीट ढवल."

अन् बुवांनी ढवळली हो! कान लालबुंद, पण ढवळली. बाहेर पडल्यावर मी आणि चाचा रस्त्यावर बसून हसलो.

बुवा एडनपर्यंत धर्माशी बोलले नाहीत. एडनला कोळसा भरताना आपणहून त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता भांडण. विचारलं एवढंच, "ती कॉफी खरंच चांगली होती का रे?"

धर्मा म्हणाला, "कपाला कान व्हता, बुवा."

* * *

त्याच सफरीहून रेवसला आलो. वाटेत करंजाचं टोक आलं. जोशीबुवांनी ट्रंक उघडली, जानवं काढलं, गळ्यात घातलं. मी मनात म्हटलं, संपलं, ये रे माझ्या मागल्या!

नारूशेटच्या हॉटेलात त्या दिवशी गर्दी होती. बाजाराला निघालेली माणसं, दोन-चार गावचे पुढारी. नारूशेट चहात साखर वरून घालतो, म्हणजे हात आखडता येतो. चमचा घेऊन फळीपाशी उभाच होता. आम्हाला बघितलं आणि पोऱ्याला ओरडला, "धर्माला बाहेर दे रे!"

धर्मानं ट्रंक पायरीखाली ठेवली. खुंटीवरच्या कपाकडं बघितलं. आणि पायरी चढून आत आला, आमच्या आधी, आणि मधल्या बाकड्यावर बसला.

सगळं हॉटेल गार! बाकड्यावरचे दोघं ताडकन उठले. कोपऱ्यातल्या एकानं काठी हातात घेतली. नारूशेट ओरडला, "ए धर्मा! येड लागलंय काय? खाली हो आधी!"

धर्मा पोराबाळांचा धनी, इथं मार खाणार आणि उद्या घरही पेटायचं. पण धर्माचा रुबाब सव्हानाचाच! त्यानं बोट उचललं, दाराकडं. दारात जोशीबुवा होते.

"शेट," धर्मा म्हणाला, "तो माजा नोकर हाय. येऊ द्या त्याला आत."

सगळ्यांच्या माना बुवांकडं वळल्या. तळ्याचे जोशी. गळ्यात जानवं, कपाळावर गंध. काठीवाला त्यांच्या तोंडाकडं बघत थांबला, की बुवा काय बोलतात आणि कधी बोलतात. चाचांनी अल्लाचं नाव घेतलं.

बुवांनी वहाणा काढल्या. आत आले. नारूशेटच्या फळीवरून कान असलेला कप उचलला, किटलीतला चहा ओतला, कप बशीत ठेवून धर्मासमोर आणला. शेटच्या हातातला चमचा काढून घेतला. आणि बाकड्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"साखर किती घालू, महाराज?"

धर्मानं मागे वळून बघितलं नाही.

"दोन चमचे," तो म्हणाला. "आन् नीट ढवल."