कॅनडाचं ‘सब ठीक’ आणि माझं

फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि चार महिन्यांत मस्कतला आलो. त्याला सहा वर्षं झाली. सध्याचं पोस्टिंग मस्कतच्या गाला भागात. डाळी आयात करणाऱ्या एका कंपनीचं गोदाम मी सांभाळतो. ०६३० ला गेट उघडतो, ०६४५ ला माणसांची गिनती, ०७०० ला पहिला ट्रक. अर्बाब, म्हणजे इथला मालक, म्हणतो, “सुभेदार, ही मिलिटरी नाही.” मी मनात म्हणतो, म्हणूनच तुझं गोदाम धड चाललंय.

इथल्या मराठी मंडळींनी गळ घातली, फौजेतल्या आठवणी लिहा. त्यांना शौर्य हवंय. माझ्याकडे एका चुकीची गोष्ट आहे. ती कॅनडा सरकारला शिव्या देता देता तोंडातून निघाली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गोदामात माझ्या हाताखाली ओमकार साळुंखे आहे. वय चोवीस. त्याचे वडील, नाईक दत्तात्रय साळुंखे, माझ्या सिग्नल डिटॅचमेंटचे लाइनमन होते. ते ड्यूटीवर असताना वारले तेव्हा ओमकार तीन वर्षांचा. गावात आजही बोललं जातं की परत फिरायची ऑर्डर गेली होती, दत्तूने ऐकली नाही. त्याची बायको तेच धरून बसली, पोरगा तेच ऐकत मोठा झाला. ते खोटं होतं. खरं मला माहीत होतं आणि एकवीस वर्षं मी त्या घरात ते सांगितलं नव्हतं.

आता कॅनडा. ओमकार तिथे डिप्लोमाला गेला होता. आईने पाटल्या मोडून पाठवलं. कॉलेज म्हणजे पिझ्झाच्या दुकानावरचे दोन मजले. सरकारने जगभरातून पोरं बोलावली, फिया घेऊ दिल्या, आणि घरं पुरेनात म्हटल्यावर एक दिवस जाहीर केलं की पोरं फार झाली. नियम बदलले. ओमकारच्या कोर्सवर वर्क परमिट मिळेना. हेल्पलाइनवर तास तास गाणं वाजायचं, मग फोन कट. पोरगं हात हलवत परत आलं. गावात तोंड दाखवायला नको म्हणाला, म्हणून मी इकडे बोलावून घेतलं.

दर शुक्रवारी सकाळी अल अमेरातला माझ्या फ्लॅटवर नाश्ता असतो. मी, ओमकार आणि काझीभाई. काझीभाई दापोलीचे, हमरियात त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. त्यांच्या घरून सांदणं येतात, चहा माझा. विषय ठरलेला.

त्या शुक्रवारी मी जरा जास्तच तापलो होतो. आमची मसूर आणि पिवळा वाटाणा कॅनडातून येतो, आणि अर्बाबने आदल्या दिवशी सांगितलं होतं, “खलास, यापुढे ऑस्ट्रेलिया.” कारण भरवसा नाही.

“कसा असणार भरवसा?” मी म्हटलं. “आयला, सगळा माल एका शेजाऱ्याच्या, अमेरिकेच्या दारात नेऊन टाकायचा. बाकी गिऱ्हाइकांशी भांडणं. आपल्याशी व्यापाराची बोलणी चालू होती, ती बंद. चीनशी वाकडं. मग त्या शेजाऱ्याने टॅरिफ लावलं की रडत बसायचं. पंचवीस वर्षं झोपा काढल्या का?”

“काय हो सुभेदार, आज पण चढाई?” काझीभाई हसले. “माझा भाचा आहे तिथे. खुशीत आहे. दवाखाना फुकट.”

“फुकट आहे, पण नंबर कधी लागतो विचारा त्याला. आणि सरकारचा खर्च? घरात पगारी माणसं ठेवायची आणि तेच काम बाहेरच्या कन्सल्टंटला द्यायचं. त्याने दुसऱ्याला द्यायचं. शेवटी काम कुणी केलं ते देवालाही सांगता येत नाही. ऑडिटर रिपोर्ट देतो. मंत्री म्हणतो, आम्ही शिफारशी स्वीकारतो. म्हणजे काय? एक माणूस उभा राहून म्हणतो का, की ही सही माझी, ही चूक माझी? एक नाही! ओम्याची दोन वर्षं मातीत गेली, कुणाच्या नावावर लिहायची?”

ओमकार मान खाली घालून खात होता.

“फौजेत हे चालत नाही,” मी टेबलावर हात आपटला. “चूक झाली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी. नाव, नंबर, रँक सांगायचं आणि कबूल करायचं.”

ओमकारने वर पाहिलं. “मग बाबांच्या वेळी कोण उभं राहिलं, काका? अ‍ॅक्चुअली, मिस्टेक त्यांचीच होती ना? ऑर्डर आली होती, त्यांनी ऐकली नाही.”

मी चहाचा कप खाली ठेवला. दर शुक्रवारी मी कॅनडाला शिव्या देत होतो आणि माझंच मढं घरात झाकून ठेवलं होतं. लाज वाटली. अशी लाज मला कोर्टासमोरही वाटली नव्हती.

“ऐक,” मी म्हटलं. जे त्याला सांगितलं, तेच इथे लिहितो.

बर्फातली पोस्ट. मी हवालदार, डिटॅचमेंट कमांडर. रोज सकाळी प्रत्येक रेडिओ सेट आणि प्रत्येक बॅटरी लोडवर टेस्ट करायची. थंडीत बॅटरी दिसायला धडधाकट असते आणि आत मेलेली असते. टेस्ट झाली की ०६०० ला साहेबांना रिपोर्ट द्यायचा: सेट, बॅटरी, लाइन, जवान, सब ठीक. दोन महिने रोज सब ठीकच होतं. त्या सकाळी मी बुखारीच्या धगीपाशी चहा पीत बसलो. सेट पाहिले. स्पेअर बॅटऱ्या पाहिल्या नाहीत. ०६०० ला सांगितलं, “सब ठीक, साब.”

०६१५ ला कळलं, खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली आहे. दत्तू दोन जवान घेऊन निघाला. दाराशी थांबून त्याने विचारलं, “उस्ताद, स्पेअर बॅटरी बघितली ना?”

“बघितली. जा तू.”

०७०० ला त्याचा रेडिओ चेक आला. आवाज स्वच्छ. ०७१५ ला वरून मेसेज आला की उतार धोक्याचा आहे, पार्टी मागे घ्या. मी सेटवर बसलो.

“ब्राव्हो टू, ब्राव्हो टू, वापस मुडो. ओव्हर.”

काही नाही.

“ब्राव्हो टू, वापस मुडो. सुनाई दे रहा है? ओव्हर.”

सदतीस मिनिटं मी बोलत होतो. ०७५२ ला आवाज आला, तो सेटमधून नव्हता. डोंगरावरून आला.

कोसळलेल्या बर्फाखालून दोघे जिवंत निघाले. दत्तू दुपारी १३२० ला सापडला. वाचलेल्यांपैकी एकाने कोर्टात सांगितलं, पहिली बॅटरी ०७०५ ला मेली. दत्तूने स्पेअर लावली. सेट मुका. जवान म्हणाला, बॅटरी गेलेली दिसते. दत्तू म्हणाला, “उस्तादने बघितली आहे. आपलंच कनेक्शन सैल असेल.” आणि शेवटपर्यंत तो रुमालाने टर्मिनल पुसत राहिला.

कोर्टात मी कबूल केलं. सिव्हियर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद मिळाली, प्रमोशन लांबलं. मला वाटलं, हिशेब मिटला. पण कोर्टाचे कागद घरी जात नाहीत. शव घेऊन गावात गेलो तेव्हा कुणीतरी विचारलं, ऑर्डर गेली नव्हती का? मी म्हटलं, गेली होती. तेवढंच म्हटलं. पुढचं गावाने जोडलं आणि मी जोडू दिलं.

माझं सांगून झालं. काझीभाईंच्या ताटातलं सांदण तसंच होतं. ओमकार उठला. मला वाटलं, दार आपटून जाणार. त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर ठेवला.

“आई, काकांना बोलायचंय. आता सांगा, काका. नाव, नंबर, रँक.”

मी उभा राहिलो. नाव सांगितलं, नंबर सांगितला. म्हटलं, “वहिनी, त्या दिवशीची बॅटरी मी तपासली नव्हती. तपासली म्हणून खोटं सांगितलं. दत्तूला ऑर्डर ऐकूच गेली नाही.”

 वहिनी म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी हट्ट केला नव्हता?”

“नाही.”

“एकवीस वर्षं मी त्यांच्या फोटोशी भांडतेय, भावजी. पोराचा विचार का नाही केला म्हणून.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी बोलू दिलं नाही.

“मला एकटीला सांगून भागणार नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला अख्खा गाव येतो. तिथं येऊन सांगा.”

“येतो,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर ओमकार माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. इथला आठवडा रविवारी सुरू होतो; त्या सकाळी ०६४५ च्या गिनतीला मात्र हजर होता. नमस्कार केला नाही. मी रजेचा अर्ज टाकला. कॅनडा सरकारला मी अजून शिव्या देतो, आणि देणार. पण आता आधी स्वतःची सही दाखवून.

सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली काय बोलायचं, ते लिहून पाठ केलंय. दोनच ओळी आहेत. नाईक दत्तात्रय साळुंखे यांना परत फिरायची ऑर्डर पोचली नव्हती. सब ठीकचा रिपोर्ट माझा होता.