ट्रॉलीला ओंगण चालत नाही

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी विजयमाला लहाने ट्रॉलीच्या उजव्या बाजूला हातोडी घेऊन बसल्या होत्या. चाक काढून भिंतीला लावलेलं, आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला. ज्याच्यावर चाक बसतं तो लोखंडी हब आसाला घट्ट चिकटला होता. एक घाव वरून, एक खालून. हब अजून हलत नव्हता, आणि त्याही उठत नव्हत्या.

मालेगाव रस्त्यावरच्या या गावात त्यांच्यासह चार घरांची भाजी त्यांच्या ट्रॉलीतून हर्राशीला, म्हणजे लिलावाला जाते. पुढे लहान ट्रॅक्टर, तो त्या स्वतः चालवतात. नवरा देवानंद रात्रीच्या ओलितावर असतो. मागच्या आठवड्यात ट्रॉली मेथीने आणि सांभाराने, म्हणजे कोथिंबिरीने भरलेली असताना उजवं चाक जागेवरच जाम झालं. तेव्हापासून चारही घरांची भाजी धनराजच्या पिकअपमधून जाते आहे. आज सकाळी शेजारच्या बेबीबाई स्पष्ट बोलून गेल्या होत्या.

"धनराज म्हनते, कायमचं सांगा. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं त्याले परवडत नाही. संध्याकाळी सांगतो म्हटलं मी त्याले."

बेबीबाई गेल्या की बाकीची दोन घरंही जातील. एका घराच्या भाजीसाठी ट्रॅक्टर काढण्यात अर्थ नाही. म्हणून आज संध्याकाळच्या आत दोन्ही चाकांना नवे हब बसवायचे होते. डावा सकाळी बसला होता.

चाक जाम होण्याचं कारण समोर ओट्यावर बसलं होतं. सासरे दौलतराव. त्यांनी उभ्या आयुष्यात बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या आसाला ओंगण घातलं: तेलात भिजवलेली अंबाडी, त्यात थोडी काजळी. ट्रॉलीचं चाक कुरकुरायला लागलं तेव्हा कुणाला न विचारता त्यांनी हबच्या टोप्या उघडून दोन्हींमध्ये तेच भरलं. बंडीत लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे अंबाडी तेल धरून ठेवते. हबमध्ये बेअरिंगचे रोलर असतात. अंबाडी त्यांच्यात गुंतली, आणि तापून जळाली.

हब निघाला.

"निंघाला काय व?" ओट्यावरून विचारणा झाली.

"निंघाला. तुमची अंबाडी बी निंघाली, मामाजी. दिव्याची वात जळावी तशी जळली."

"बंडीनं कदी तक्रार केली नाही."

"बंडीत बेरिंग कुठं होती?"

दौलतरावांनी पान लावायला घेतलं.

विजयमालांनी आसावरचा काळा थर पॉलिश पेपरने घासून काढला. नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबून भरलं. नवा हब चढवला, वॉशर, नट. उजव्या बाजूनेच दगा दिला होता, म्हणून या वेळी नट अंगातलं सगळं बळ लावून आवळला. पिन घातली, चाक चढवलं, टोपी हातात घेतली.

दौलतराव उठून आले. त्यांनी एका बोटाने चाक लोटलं. चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं.

"हे अडून राह्यलं."

"नवं हाय. बसंन दोन दिवसांत."

"माही बंडी अशी अडली असती त बैलानं मले लाथ मारली असती. चाकाले जरासा खेळ लागते."

मालेगावच्या दुकानदारानेही तेच सांगितलं होतं: आवळायचं, मग थोडं मागे घ्यायचं. डाव्या चाकाला विजयमालांनी तसंच केलं होतं. त्यांनी पिन काढली, नट थोडा सैल केला, पुन्हा पिन घालून तिची टोकं वाकवली. मग चाक लोटलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. त्यांनी टोपी ठोकून बसवली. दौलतराव ओट्यावर जाऊन बसले.

पाचच्या सुमारास बेबीबाई आल्या. फिरणारं चाक पाहून त्यांचं समाधान झालं नाही.

"रिकामं त कोनाचंबी फिरते. भरून दाखव."

विजयमालांनी शेणखताची पोती भरली. बेबीबाई स्वतः वर चढून बसल्या.

"आडवी पडली त माह्या कमरेचा हब बी आनजो मालेगावून."

"तुमच्या मापाचा भेटत नाही, काकू."

ट्रॉली फाट्यापर्यंत जाऊन आली. बेबीबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि एकेका हबवर हात ठेवला. उजव्यावर जास्त वेळ.

"कोमट हाय."

"कोमट चालते."

"मांगं याच्यावर पापड भाजला असता." त्यांनी फोन काढला. "धनराजभाऊ, उद्यापासून आमच्या दारी थांबू नोको. हो, चौघींयचंही."

दौलतरावांनी ओंगणाचा डबा ट्रॉलीजवळून उचलून गोठ्यात बंडीच्या जुवाला टांगला.

उद्या पहाटे पावणेपाचला ट्रॉली निघेल. पहिला थांबा बेबीबाईंचं घर. फाट्यावर विजयमाला ट्रॅक्टर थांबवतील, खाली उतरतील आणि दोन्ही हबना हात लावून पाहतील.