गोदीचा पूल आणि एकादशीची भरती

आमची कचेरी कलकत्त्याला गार्डन रीचमध्ये होती. शहरातून तिथे जायचे तर खिदिरपूरची गोदी ओलांडावी लागे, आणि गोदीच्या तोंडावर फिरता पूल होता. जहाज आत यायचे किंवा बाहेर पडायचे असले की पूल आपल्या खुंट्यावर सावकाश वळे आणि रस्ता मधेच संपे. अलीकडे ट्राम, बस, सायकली, मालाने लादलेल्या बैलगाड्या आणि डबे घेतलेले शेकडो बाबू. पलीकडे तितकीच रांग. मधे पाणी.

मी त्या वेळी तिशीच्या आत होतो. माझ्याकडे हजेरीचा मस्टर होता. सव्वादहा वाजता मी तो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवत असे. त्यानंतर येणाऱ्याच्या नावापुढे तांबडी खूण होई. तीन खुणांना एक किरकोळ रजा कापली जाई. नियम मी केलेला नव्हता. तो मी पाळत असे.

पुलावर थांबणे ही गोष्ट आज सांगून पटणार नाही. हिवाळ्यात सकाळचा धूर नदीवरून उतरलेला असे आणि त्यातून जहाजाचे नाक प्रथम दिसे, घरांच्या गच्च्यांच्याही वर. मग त्याची काळी बाजू रस्त्याला आडवी सरकू लागे, इतकी हळू की जहाज उभे आहे आणि आपणच मागे मागे वाहत चाललो आहोत असे वाटे. वर कठड्याला टेकलेला एखादा खलाशी खाली पाहत असे. घंटा वाजत नसत, कोणी ओरडत नसे. उशीर होत आहे हे प्रत्येकाला माहीत असूनही सर्वांचे चेहरे झोपेतल्यासारखे होत. पूल परत जागेवर आला की मात्र तीच माणसे एकमेकांच्या अंगावर तुटून पडत. मग तासभर त्या रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नसे.

एका हिवाळ्याच्या आरंभी साहेबांनी मला बोलावून सांगितले, की ही गर्दी कमी करण्याचा काही उपाय काढा. पूल गोदीच्या ताब्यात होता, त्याला आम्ही हात लावू शकत नव्हतो. राहिली आमची माणसे. ज्या दिवशी कचेरीच्या वेळेला पूल वळणार असेल त्या दिवशी निम्म्या विभागांनी तो वळण्याआधी यावे आणि निम्म्यांनी तो परत मिटल्यावर यावे, अशी योजना मी मांडली. पूल केव्हा वळणार हे आधी कळले पाहिजे, इतकीच अडचण होती. जहाजे भरतीच्या पाण्यावर आत घेत, आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

माझी आई हर्णैजवळच्या खेड्यातली. वडिलांच्या नोकरीपायी लग्नानंतर ती कलकत्त्याला आली आणि इथेच राहिली. मी तिला भरतीबद्दल विचारले तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"तिथीची पाऊणपट कर," ती म्हणाली. "जो आकडा येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. माझे बाबा होड्यांना हेच सांगायचे. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, आणि होडी कधी चिखलात बसली नाही."

भिंतीवर मराठी पंचांग होते. मी एका बैठकीत महिन्याचा तक्ता केला, तिथ्यांच्या तारखा केल्या आणि साहेबांची सही घेऊन गुरुवारी तो फळ्यावर लावला. आपण फार बारकाईने काम केले आहे असे मला वाटले.

आमच्या दफ्तरखान्यात एक बाबू होते. पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्याला बारा महिने मफलर. शहराच्या पार उत्तरेकडून दोन ट्राम आणि एक बस बदलून ते येत. मला ते 'भाया', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. त्यांची आई सीमेच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात एकटी राहत होती. फाळणीनंतर त्यांनी तिला अनेकदा बोलावले, तिने दर वेळी नकार दिला. त्या वर्षी तिने लिहवून पाठवले की तू स्वतः न्यायला येत असशील तर येते. आगगाडी, मग स्टीमर, मग होडी. जायला तीन दिवस, यायला तीन, आणि मधे एक दिवस घरासाठी. त्यांची इतर रजा आदल्या वर्षीच्या आजारात संपली होती. किरकोळ रजा नेमकी सात दिवस उरली होती. आणि मस्टरवर त्यांच्या नावापुढे दोन तांबड्या खुणा होत्या.

फळ्यावरचा तक्ता त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"म्हणजे सोमवारी वाट मोकळी?"

"सोमवारी एकादशी. भरती सव्वाआठला. नऊपर्यंत पूल मिटलेला असेल. नेहमीच्या वेळी या."

"बघ हां भाया. पुढच्या पंधरवड्यात मी निघतोय. एक रजा गेली तरी माझं गणित बसत नाही."

"नेहमीच्या वेळी या," मी पुन्हा सांगितले.

शुक्रवारी अष्टमी, शनिवारी नवमी. दोन्ही दिवस तक्त्यात वाट मोकळी होती आणि प्रत्यक्षातही मोकळी होती. विभागातल्या मंडळींनी मला चहा पाजला. "मराठ्यांनी पूर्वी बंगाल लुटला, आता भरपाई करताहेत," असे एकजण म्हणाला आणि सर्व हसले. मीही हसलो असेन.

सोमवारी मी लवकर कचेरीत होतो. दहा वाजले. खोल्या अर्ध्या रिकाम्या होत्या. खिडकीतून गोदीच्या बाजूला घरांवरून एक डोलकाठी हळूहळू सरकताना दिसली. मी ती पाहत राहिलो. तिच्या टोकाला एक घार बसली होती आणि तीही तिच्याबरोबर सरकत होती. ती डोलकाठी तिथे असायला नको होती, हे मला समजत होते, आणि तरीही काही क्षण ते एखाद्या दुसऱ्याच शहरात घडत आहे असे वाटत होते.

सव्वादहाला मी मस्टर आत नेला. पावणेअकराला बाबू आले. त्यांच्या नावापुढे मी तांबडी खूण केली. ते टेबलापाशी उभे राहून पाहत होते.

"तुझा समुद्र झोपून उठला उशिरा," इतकेच ते म्हणाले. मग मफलर काढून घडी केली आणि दफ्तरखान्यात गेले.

दुपारी मी साहेबांना लेखी कळवले की तक्त्यातली चूक माझी आहे, तरी आजच्या खुणा काढाव्यात. साहेबांनी कागद वाचला. "पुलाचे कारण एकदा चालले तर उद्या प्रत्येकजण पुलाकडे बोट दाखवील," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. खुणा राहिल्या.

संध्याकाळी मी पुलावर गेलो. पूल फिरवणाऱ्या टोळीचा मुकादम नोआखालीकडचा म्हातारा खलाशी होता. मी त्याला आमचा हिशेब सांगितला. त्याने विडी विझवली, उरलेली कानावर ठेवली.

"बाबू, तुमच्या आईच्या गावात समुद्र उंबऱ्याला लागून. इथं पाण्याला नदीच्या तोंडावरच्या सागरबेटापासून चालत यावं लागतं. थकणार नाही का ते? दोन तास मिळवा."

"हे मला आधी कोणी सांगितले नाही."

"तुम्ही पुलाला विचारलंच नाही. पंचांगाला विचारलंत."

घरी आईचा उपास होता. ती रताळी सोलत होती. मी तिला झालेले सांगितले. "मी समुद्राचं सांगितलं," ती म्हणाली. "नदीचं तू कुठं विचारलंस?" मग तिने विचारले, "त्या माणसाची आई येईल ना रे?"

बाबूंनी आईला पत्र लिहिले: गावात यायला वेळ नाही, अमुक दिवशी स्टीमरच्या घाटावर येऊन थांब. पत्र वेळेवर पोचले की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नवा तक्ता मागून घेतला. परत येतील त्या दिवशी त्रयोदशी होती. "पावणेअकरापर्यंत पूल वळणार नाही," मी म्हणालो. "मी स्वतः जाऊन विचारले आहे."

"आता मी तुझ्यावर नाही, त्या विडीवाल्यावर विश्वास ठेवतो," ते म्हणाले.

ते सहा दिवस मी काम केले. नवा तक्ता बरोबर निघाला. निम्मी माणसे आधी, निम्मी मागून अशी येऊ लागली. पूल मिटल्यानंतरची झुंबड ओसरली, बैलगाड्यांना वाट मिळू लागली. साहेबांनी वरती चांगला शेरा पाठवला. मी दिवसातून अनेकदा खिडकीशी जाई. धुरात नदी दिसत नसे. दूर सीमेपलीकडे अशाच एका नदीवर एक घाट असेल आणि तिथे एक म्हातारी बसलेली असेल किंवा नसेल, असे मनात येई.

सातव्या सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असताना बाबू जिन्यावर दिसले. मागून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, पांढऱ्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई येत होती. ते स्टेशनावरून थेट आले होते. घरी जाऊन यायला वेळ नव्हता. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून त्यांनी मस्टरवर सही केली.

"एक दिवस आधीच येऊन घाटावर झोपली होती," ते म्हणाले. "मला उशीर होईल या भीतीनं."

बाई पाचपर्यंत त्या बाकावर बसणार होती. मी मस्टर आत दिला आणि साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. तोपर्यंत मी कधी रजा मागितली नव्हती. त्यांनी कारण विचारले नाही.

"मी यांना घरी पोचवतो," मी बाबूंना सांगितले. त्यांनी घराची किल्ली आणि पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा पूल नुकताच वळू लागला होता. वेळ मला ठाऊक होती. रिक्षा मिळायला थोडा उशीर झाला. मी तिला एका पेटीवर बसवले आणि तिचे गाठोडे हातात धरून उभा राहिलो.

"तू माझ्या मुलाच्या कचेरीत काय करतोस, बाबा?" तिने विचारले.

"वेळेची वही ठेवतो."

"म्हणजे तांबड्या शाईचा तो तूच."

"होय."

तिने मान हलवली. राग दिसला नाही. जहाजाचे नाक धुरातून वर आले होते आणि ती त्याकडे पाहत होती.

"एक दिवस मिळाला असता तर त्यानं घर पाहिलं असतं," ती म्हणाली. "मी सारवून ठेवलं होतं. त्याच्या जन्माची खोली पण. मग पत्र आलं, घाटावर ये. कडी घातली आणि आले."

बाबू त्यानंतर त्या गावी कधी गेले नाहीत.

जहाज आमच्यासमोरून सरकू लागले. कठड्याशी एक खलाशी भांडे घासत होता. त्याने थांबून खाली पाहिले, म्हातारीने डोक्यावरचा पदर नीट केला. पाण्याचा वास येत होता. "आमच्याकडं याहून मोठं पाणी आहे," ती स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाली. जहाज गेले, पूल मिटला, माणसे आणि गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागल्या. ती पेटीवरून उठली नाही. गोदीच्या आत डोलकाठी दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत बसली. मी तिला उठवले नाही.