चौथ्या दिवसाची अंघोळ

आमच्या मालकांनी पाळलेल्या कुत्रीला लाडाचं एक नाव होतं. ते मी माझ्या तोंडानं कधी घेतलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही घेणार नाही. कुत्रीला कुत्री म्हणायचं. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती, आणि तेवढ्या काळात मालकांनी मला लाडाचं सोडाच, माझ्या नावानं सुद्धा हाक मारलेली नव्हती. 'अगं ए' वर आमचा सगळा संसार चालला होता.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं ते साल. काष्टीच्या बाहेर, पाटाच्या कडेला आमची वस्ती. घरात तीनच माणसं: सासूबाई, मालक आणि मी. मालक नगरच्या बाजाराला गूळ घेऊन जायचे. तिथं कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाशी त्यांची ओळख झाली, साहेबाची बदली झाली आणि जाताना त्यानं आपली कुत्री मालकांच्या हवाली केली. अल्सेशियन जातीची, काळ्या पाठीची, उभ्या कानांची. ती आली आणि आमच्या वस्तीवर माणसांची रीघ लागली. जो येईल तो म्हणायचा, "पहिल्या वेताचं एक पिल्लू मला ठेवा बरं का." मला बघायला एवढी माणसं माझ्या लग्नात सुद्धा आली नव्हती.

सकाळच्या धारेचं दूध आधी तिला. मालकांच्या ताटातली भाकरी तिला. संध्याकाळी मालक तिच्या अंगातली गोचीड काढत बसायचे, तासन् तास. तिच्याशी बोलायचे. रानात काय झालं, बाजारात कोण भेटलं, सगळं तिला सांगायचे. मी चुलीपाशी बसून ऐकायची. नवऱ्याची खबर मला कुत्रीमुळं कळायची. माझ्या अंगाचा नुसता तीळपापड व्हायचा.

सासूबाईंना मात्र कुत्रीच्या पिल्लांची घाई होती. घरात काहीतरी हलावं-खेळावं असं त्यांना वाटत असणार. कुत्री पहिल्यांदा माजावर आली, अंगावर जायला लागलं, तशी त्यांनी तिला गोठ्याच्या मागं नेऊन बांधलं. "बाहेरची झालीय. शिवू नगा," म्हणाल्या. आमच्यात बायकांना जसं बाजूला बसवायचे तसंच. तीन दिवस तिला भाकरी लांबूनच टाकली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला तापल्या पाण्याची बादली आणायला लावली आणि मी त्या कुत्रीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. मग पाचव्या दिवशी मालक तिला घेऊन गेले. पलीकडच्या गावात एका बागाईतदाराकडं त्याच जातीचा कुत्रा होता. रीत अशी, की नराच्या मालकानं पैसा घ्यायचा नाही, पहिलं पिल्लू आपल्या पसंतीनं उचलायचं.

कुत्री कसली जवळ येऊ देते! खाली बसली, गुरगुरली, कुत्र्याचा कान फाडला. दोघांनी धरून कसंबसं लावलं म्हणे. गाभ काही राहिला नाही. सहा महिन्यांनी परत तेच: बाजूला बांधणं, अंघोळ, पाचवा दिवस, गुरगुर. परत रिकामी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मला उकळ्या फुटत होत्या. आता तरी हिचं कौतुक संपेल, असं मनात म्हणत होते. पण सासूबाई अंगणात बसून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या घरात हिचं पाऊल पडलं आन् कुत्री बी वांझ निघाली."

म्हणजे तेही माझ्याच नावावर.

त्याच सुमाराला मालकांच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी त्यांच्या माहेराकडची एक पोरगी हेरून ठेवली होती. ऊस कारखान्याला गेला की लगीनसराईत उरकून घ्यायचं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. कायद्याचं कुणी काढलंच तर म्हणायच्या, "कायदा काय पाळना हलवायला येनार हाय?" मालक हो म्हणायचे नाहीत, नाही पण म्हणायचे नाहीत. मी किती वेळा म्हटलं होतं, नगरला बायकांचा दवाखाना आहे, मला एकदा दाखवा. "बघू," एवढंच. कुत्री मात्र दोनदा रिकामी गेली आणि मालकांनी लगेच तिला नगरच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू बी जा. साखळी धरायला कोनतरी पायजे."

नवऱ्याबरोबर नगरला जायची माझी ती पहिली वेळ. रेल्वेत कुत्रीला गार्डाच्या डब्यात ठेवावं लागलं. मी बायकांच्या डब्यात खिडकीशी बसले होते. प्रत्येक स्टेशनावर मालक खाली उतरायचे, माझ्या खिडकीवरून पुढं जायचे आणि कुत्रीला बघून परत यायचे. पाणी प्याली का, घाबरली का. मला पाणी हवंय का, हे एकदाही विचारलं नाही. नगरला टांगा केला. वाटेत बायकांचा दवाखाना लागला. दाराशी पोट पुढं आलेल्या बाया उभ्या होत्या. टांगा पुढं गेला, आणि मी मुकाट्यानं कुत्रीची साखळी धरून बसले.

डॉक्टर बोलका होता. त्यानं कुत्रीला सगळीकडून तपासलं, मग विचारलं, "कुत्र्याकडे नेता कधी?"

मालकांनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाजूला बसवणं, चौथ्या दिवसाची अंघोळ, पाचवा दिवस.

डॉक्टर हसायलाच लागला. "अहो, ही काय तुमच्या घरातली सून आहे का? बायकांचे दिवस हिला लावता? रक्त जातंय तोवर ती कुत्र्याला जवळ उभं सुद्धा करणार नाही. रंग फिका पडला, पाठीवर हात ठेवल्यावर तिनं शेपूट बाजूला घेतलं, की न्या. आणि दोन्ही वेळा कुत्रा एकच होता का? त्याची पिल्लं कुठं झालीत?"

"ते काय म्हाईत न्हाई."

"मग ते आधी बघा. खोट नरातही असते. मादी धडधाकट आहे, तिला कशाला बोल लावता? दुसरा नर लावून बघा."

मालकांनी लई शहाण्यासारखी मान हलवली. मी साखळी हाताला गुंडाळत उभी होते.

संध्याकाळी घरी आलो. मी चुलीपुढं भाकरी थापायला बसले. मालक जेवत होते, सासूबाई समोर बसल्या होत्या. मालकांनी डॉक्टरचं सगळं बोलणं आईला समजावून सांगितलं, आपणच डॉक्टर असल्यासारखं. "आये, खोट काय मादीतच आसती व्हय? आपली कुत्री चांगली हाय. ते कुत्रंच कुचकामी आसंल. कुत्रं बदलून बघायचं."

"खरं हाय बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मुक्या जनावराला उगंच बोल लावला आपन."

मी तव्यावरची भाकरी उलटली. म्हटलं, "आत्याबाई, मग माझ्यासाठी बी कुत्रं बदलून बघायचं का?"

आवाज चढवला नाही. मीठ हवंय का विचारावं तसं विचारलं. मालकांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट अंगावर येतंय. पण मालक हात धुऊन उठले आणि बाहेर जाऊन कुत्रीपाशी बसले. त्या संध्याकाळी ते तिच्याशीही काही बोलले नाहीत.

त्यानंतर घरात माझ्याशी बोलणं बंद. दुसऱ्या लग्नाचं बोलणं मात्र चालूच.

थंडीत कुत्री परत माजावर आली. या वेळी अंघोळ नाही, बाजूला बांधणं नाही. मालक रोज तिच्या पाठीवर हात ठेवून बघायचे. तिनं शेपूट बाजूला घेतलं तशी तिला नगरला कॅम्पातल्या एका कुत्र्याकडं घेऊन गेले. नराच्या मालकाला पहिलं पिल्लू, हा बोली करार इथंही ठरला. आणि गाभ राहिला. तिचं पोट भरायला लागलं, आचळं सुटली. मालक तिच्या पोटाला हात लावून बसायचे. सासूबाई म्हणाल्या, "घराला दोष न्हवता म्हनायचा. आता कुनात हाय ते दिसलंच."

म्हणजे कुत्री रिकामी राहिली तर माझा पायगुण, भरली तर माझीच कूस. सुटका कुठंच नाही.

ऊस गेला आणि कुत्री व्याली. सात पिल्लं, सगळी धडधाकट. मी बाजरीचा घाटा गुळात शिजवून तिच्यापुढं ठेवायला गेले, तर पिल्लांच्या खाली काहीतरी ओळखीचं दिसलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची मऊ धडपी. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः फाडून, धुऊन, घड्या घालून ट्रंकेत ठेवलेली. बाळुत्यांसाठी.

मी घाटा खाली ठेवला आणि एकेक पिल्लू बाजूला करून ती धडपी ओढून काढली. कुत्री गुरगुरली. मी पण तिला काहीबाही बोलले. इतक्या वर्षांचं जे काही पोटात होतं ते सगळं त्या कुत्रीला ऐकवलं. तुला दूध, तुला डॉक्टर, तुला रेल्वे, तुला दुसरा कुत्रा, आणि आता माझ्या लेकराची बाळुती पण तुलाच? मागं वळून बघितलं तर गोठ्याच्या दारात मालक उभे. त्यांनी पिल्लांखाली पोतं अंथरलं आणि निघून गेले.

पिल्लं भाकरी खायला लागली तसा मालकांनी त्यातला एक दांडगा नर उचलला आणि कॅम्पातल्या माणसाला द्यायला नगरला गेले. त्याच दिवशी परत यायचे होते, आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आले आणि उंबऱ्यातच बसले.

"आये, त्या पोरीच्या मान्सांला न्हाई म्हनून कळीव."

"का रं?"

"मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. खोट माझ्यात हाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मला नावानं हाक मारली. पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला.

ते बोलणं आमच्या तिघांतच राहिलं. गाव मला वांझच म्हणत राहिलं. सासूबाईंनी कुणाचं तोंड धरलं नाही आणि मीही धरलं नाही. सवत टळली, एवढं पदरात पडलं. कुत्रीला मात्र पुढंही चांगले नर मिळत गेले. मला मालकच होते, आणि ते आता मला नावानं हाक मारत होते. मला त्याचं कौतुक होतं, पण कुत्रीचा हेवा काही गेला नाही. तिचं पोट दिसायला लागलं की माझी झोप उडायची.

दुसऱ्या खेपेला तिचे दिवस भरले, तेव्हा सासूबाई पोतं शोधत होत्या. मी ट्रंक उघडली, ती धडपी काढली आणि तिच्या खाली नीट पसरून अंथरली. जीव जळतच होता. पण लुगडं लई मऊ होतं, आणि ते आता कुणाच्या तरी कामाला यायला पाहिजे होतं.